२० मार्च : दिनविशेषाची तारीख आणि सातबाराची तारीख

केळापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत जा. सकाळच्या परिपाठात सुविचार होतो, बातम्या होतात आणि मग 'दिनविशेष' सांगितला जातो. २० मार्चचा दिनविशेष एखाद्या छापील पुस्तकातून फळ्यावर उतरवला तर तो साधारण असा निघतो : जागतिक चिमणी दिन. आंतरराष्ट्रीय आनंद दिन. नॉर्वेचे नाटककार हेन्रिक इब्सेन यांचा जन्म, १८२८. ट्युनिशिया स्वतंत्र, १९५६. गायिका अलका याज्ञिक यांचा जन्म, १९६६. अमेरिकेचा इराकवर हल्ला, २००३. आणि याच रांगेत कुठेतरी, एका ओळीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, १९२७.

चिमणीला एक ओळ आणि चवदार तळ्यालाही एकच ओळ! चिमणीशी आमचे काही भांडण नाही. तिला तर त्या तळ्यावर पाणी प्यायला कधीच मनाई नव्हती. पण हजारो वर्षे पाण्यावाचून ठेवलेला माणूस ज्या दिवशी तळ्याच्या पायऱ्या उतरला, तो दिवस 'हेही घडले, तेही घडले' या यादीत बसवला की त्यातली आग निघून जाते. काही शाळांच्या फळ्यावर तर ही ओळही येत नाही. फळा लहान असतो असे उत्तर मिळते. फळा लहान असतो हे खरे, पण त्यावरून काय वगळायचे हे फळा ठरवत नाही.

महाडच्या संगराची शताब्दीची तारीख २० मार्च २०२७ ही आहे. महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, म्हणजे त्याच वर्षी तात्यासाहेबांच्या जन्माची द्विशताब्दी. अवघ्या बावीस दिवसांच्या अंतराने हे दोन महोत्सव येतात. मोठ्या शहरांत मोठे कार्यक्रम होणारच. आम्हाला मात्र आज पांढरकवडा, पाटणबोरी, मोहदा या भागात राहणाऱ्या आमच्या वाचकांशी बोलायचे आहे. महाड कोकणात आहे आणि केळापूर तेलंगणाच्या सीमेवर. मग २० मार्चचे इथे काय काम? आमच्या मते पुष्कळ काम आहे, आणि ते पुष्पहाराने भागणारे नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. एकाच तारखेला दोन मोठ्या घटना घडल्या म्हणून त्या तारखेत काही गूढ शक्ती असते असे आम्ही मानत नाही. वर्षाला दिवस तीनशे पासष्ट आणि इतिहास हजारो वर्षांचा. तेव्हा प्रत्येक तारखेवर काही ना काही आदळणारच. शुभ-अशुभ दिवस शोधण्याचा धंदा पंचांगवाल्यांचा आहे, तो त्यांनाच लखलाभ. पण तारखा दोन जातीच्या असतात. काही योगायोगाने जुळतात आणि काही जुळवल्या जातात. या दुसऱ्या प्रकाराकडे चळवळीचे लक्ष असले पाहिजे.

बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी १९५६ सालची अशोक विजयादशमी निवडली. त्या वर्षी ती १४ ऑक्टोबरला आली. ही निवड होती. ज्या दिवशी देशभर रावण जाळला जातो, तो दिवस त्यांनी सम्राट अशोकाच्या स्मृतीला दिला. आज नागपूरच्या दीक्षाभूमीवर विजयादशमीला सागर लोटतो आणि १४ ऑक्टोबरलाही लोक येतात. एका घटनेला दोन दिवस मिळाले, यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला तो ६ डिसेंबर १९६४ ला. महापरिनिर्वाण दिन हा नुसता शोकाचा दिवस राहू नये, त्या दिवशी जमिनीसाठी तुरुंग भरावेत, हा त्या निवडीचा अर्थ होता. पुढे १९९२ साली याच ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. तारीख मुद्दाम साधली असे आपल्यातील पुष्कळांचे मत आहे. हेतूचा वाद बाजूला ठेवला तरी परिणाम समोर आहे. तेव्हापासून ६ डिसेंबर म्हटले की वृत्तवाहिन्यांना आधी बंदोबस्त आठवतो आणि चैत्यभूमीवर रांगेत उभा असलेला लाखोंचा समाज नंतर. भूमिहीनांच्या सत्याग्रहाची तारीख तर आमच्यापैकी किती जणांना आठवते?

आता २० मार्चकडे वळू. १८५२ साली याच तारखेला अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टोव यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. काळ्या गुलामांच्या हालअपेष्टा तिने घराघरात पोचवल्या. पुढे एकवीस वर्षांनी तात्यासाहेब फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. १८५२ आणि १९२७ या दोन २० मार्चांची जुळणी हा योगायोग आहे. पण पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने अमेरिकेच्या लढ्याशी आपला लढा जोडला, ती जुळणी जाणीवपूर्वक केलेली होती.

महाडची हकिगत आपल्या घराघरात माहीत आहे, तरीही ती तारखांच्या क्रमाने पुन्हा वाचण्यासारखी आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत असा तो ठराव. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला. आणि मग? मग तीन वर्षे काहीही झाले नाही. कागदावर तळे खुले होते आणि काठावर एकही अस्पृश्य जाऊ शकत नव्हता.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागे हजारोंचा समाज तळ्यावर गेला. पाणी प्यायले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या माणसांना, बायकांना, पोरांना झोडपण्यात आले. तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. आणि पाच महिनेही झाले नव्हते तोच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तो दिवस कोणता होता? ४ ऑगस्ट १९२७! बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच दिवशी. हा योगायोग असेलही. पण ज्याला दिनविशेष लिहायचा आहे त्याने ४ ऑगस्टच्या चौकटीत या दोन्ही ओळी एकाखाली एक लिहाव्यात. कागदावरचा हक्क कसा दिला जातो आणि कसा काढून घेतला जातो, हे मुलांना त्यावरून कळेल.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम आणला. बाबासाहेबांनी कायदा मोडला नाही, पण २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच महाडात मनुस्मृतीचे दहन केले. दावा चालत राहिला. १९३१ साली महाडच्या न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने, १९३३ साली ठाण्याचे अपील फेटाळले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा शब्द दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादिकालापासूनची वहिवाट आहे, असा वादींचा दावा होता. ती वहिवाट सिद्ध होत नाही असे उच्च न्यायालयाने म्हटले. महाडच्या दहाव्या वर्धापनदिनाला तीन दिवस कमी होते. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टकचेरी! 'वहिवाट' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे आम्हाला तो केळापूरच्या शेतात पुन्हा भेटणार आहे.

मागे घेतल्या जाणाऱ्या हक्काची आणखी एक गोष्ट याच तारखेवर नोंदलेली आहे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याबद्दल निर्देश दिले. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, सरकारी नोकराला अटक करायची तर त्याला नेमणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, इतरांसाठी पोलीस अधीक्षकांची मंजुरी, आणि अटकपूर्व जामिनाची वाट मोकळी. खटला महाराष्ट्रातला आणि तारीख महाडची! २ एप्रिलला समाज रस्त्यावर उतरला. भारत बंदमध्ये आपली माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायद्यात १८-अ हे कलम घालावे लागले. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने आपलेच ते निर्देश परत घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला नवे कलम वैध ठरवले. न्यायमूर्तींनी तारीख पाहून निकाल दिला असे आम्ही म्हणत नाही. तारखेची आठवण आपल्याला तरी होती का, एवढेच विचारतो. त्या वर्षी अभिवादनाच्या सभा संपवून आपण घरी गेलो, आणि निकालाचा अर्थ समाजात पोचायला दोन आठवडे लागले.

आता यवतमाळ जिल्ह्यात येऊ. २० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातील दाभडी गावात, त्या वेळी गुजरातचे मुख्यमंत्री आणि भाजपचे पंतप्रधानपदाचे उमेदवार असलेले नरेंद्र मोदी शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा' करायला आले होते. २००९ पर्यंत ज्या विधानसभा मतदारसंघाचे नाव केळापूर होते आणि आता आर्णी आहे, त्यातलेच हे गाव. उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून भाव, हे त्या प्रचाराचे मुख्य आश्वासन होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन ते शक्य नसल्याचे सांगितले. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली ती जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज हिशेबातून वगळून. यावर शेतकरी संघटनांनी पुष्कळ लिहिले आहे, आम्ही त्यात भर घालत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. त्या दिवशी देशभरच्या कॅमेऱ्यांसमोर दाभडीत चहाचे कप फिरले, पण ज्या माणसाने सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी याच तारखेला पाण्याचा हक्क बजावला त्याच्या लेकरांना, म्हणजे शेतात राबणाऱ्या मजुरांना, द्यायला त्या चर्चेत काय होते? हमीभाव सातबारावाल्याला मिळतो. कापूस वेचणाऱ्या बाईला किलोमागे वेचणी मिळते. भाव आणि वेचणी या दोन गोष्टींमध्ये आपल्या समाजाचे अख्खे आयुष्य अडकले आहे.

१९ मार्चचेही तसेच. महाड परिषदेचा तो पहिला दिवस. आणि १९८६ साली त्याच तारखेला आपल्याच जिल्ह्यातील, महागाव तालुक्याच्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. २०१७ पासून १९ मार्चला त्यांच्या स्मरणार्थ अन्नत्याग केला जातो. हे योग्यच आहे. पण केळापूर तालुक्यात १९ तारखेचा मंडप वेगळा आणि २० तारखेचा मंडप वेगळा. एका मंडपात जमीन असलेल्याचे दुःख, दुसऱ्यात जात सोसलेल्याचा स्वाभिमान. ज्याला जमीन नाही आणि जात आहे, तो सालगडी, ती निंदणाऱ्या बाया, तो कोलाम पोडावरचा म्हातारा, यांनी कोणत्या मंडपात बसायचे?

हा प्रश्न भावनेचा नाही, आकड्यांचा आहे. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपये मदत देण्याचे निकष राज्य सरकारने २००५-०६ च्या शासन निर्णयांनी घातले. कुटुंबाच्या नावे जमीन हवी, बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज हवे, वसुलीचा तगादा हवा. जमीनच नाही तर मदत नाही. मक्त्याने शेती करणारा विष प्यायला तर तो कागदोपत्री शेतकरी ठरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४ च्या अहवालापासून शेतमजुरांचा आकडा वेगळा द्यायला सुरुवात केली. २०२२ च्या अहवालात देशात ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजुरांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. मजुरांचा आकडा मोठा आहे! पण 'शेतमजूर आत्महत्या' हा शब्द कोणत्या पुढाऱ्याच्या भाषणात ऐकलात? बाबासाहेब मात्र हे ओळखून होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता कसायला द्यावी असे मांडले, त्याच्या प्रस्तावनेवर १५ मार्च १९४७ ही तारीख आहे. १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या सभेत खेड्यातल्या भूमिहीनांबद्दलची त्यांची व्यथा बाहेर पडली. मार्चचे हे दिवस आमच्या दिनदर्शिकेत रिकामे आहेत. १५ मार्चला मान्यवर कांशीरामजींची जयंती (१९३४) तेवढी छापलेली असते.

आता ज्या तारखांसाठी हा लेख लिहायला घेतला त्या सांगतो. त्या कोणत्याही दिनविशेषात नाहीत. कोणाचा जन्म त्या दिवशी साजरा होत नाही, एक अपवाद सोडून. तो अपवाद म्हणजे १४ एप्रिल. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस १४ एप्रिल १९९०. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने ठरवले की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात अनुसूचित जाती-जमातीच्या व इतर मागास भूमिहीनांनी सरकारी पड व गायरान जमिनीवर केलेली शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करावीत. आपल्या वऱ्हाडात या जमिनीला ई-क्लास म्हणतात आणि ती वाहणाऱ्याला जबरानजोतवाला. म्हणजे १४ एप्रिल ही महाराष्ट्रातल्या हजारो भूमिहीनांसाठी जयंती आहेच, शिवाय ती मुदतीची तारीखही आहे. जयंतीला आपण निळे झेंडे लावतो. मुदतीच्या तारखेचा पुरावा मात्र किती गावांत जपला गेला?

पुरावा म्हणजे काय? पटवाऱ्याकडचा गाव नमुना एक-ई, ज्यात अतिक्रमणाची नोंद होते. दंड भरल्याची पावती. पीकपाहणीतील नाव. ज्या माणसाने १९८५ साली पडीक वावर फोडून तूर पेरली, त्याला पटवारी दंड करायचा आणि तो निमूट भरायचा. पावती घराच्या आढ्याला खोचलेली असायची. घर गळले, पावती गेली. नोंद एक-ई मध्ये असली तरी ती पाहायला मागणारा कोणी नाही. आणि मग २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढा. त्या निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासन निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. पण नोटीस घेऊन येणारा कर्मचारी निकालाचा मथळा वाचतो, अपवाद वाचत नाही. २०२२ च्या अखेरीस गायरानावरच्या नोटिसा राज्यभर निघाल्या तेव्हा हेच झाले. महाडला ठराव होता आणि अंमल नव्हता. इथे तेच आहे.

दुसरी तारीख १३ डिसेंबर २००५. वनहक्क कायदा २००६ चा, पण वनजमिनीचा ताबा या तारखेआधीचा असला पाहिजे असे त्यात लिहिले आहे. केळापूर तालुक्याचा बराच भाग पाचव्या अनुसूचीत मोडतो. गोंड, परधान आणि कोलाम बांधवांची इथे वस्ती आहे; कोलाम तर विशेष दुर्बल आदिवासी गट. पांढरकवड्याला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. टिपेश्वरचे अभयारण्य याच तालुक्याला लागून. अशा ठिकाणी आदिवासीला २००५ चा ताबा दाखवावा लागतो, ते अवघड असले तरी शक्य आहे, कारण गावातील वडीलधाऱ्यांचा जबाबही नियमाने पुरावा धरला जातो. पण त्याच जंगलालगत, त्याच धुऱ्याला लागून वाहिती करणारा बौद्ध किंवा मांग किंवा भटका समाज आहे. तो 'इतर पारंपरिक वननिवासी' या सदरात येतो. त्याला २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे दाखवावी लागतात. हिशेब करा. १३ डिसेंबर १९३०!

१९३० साली चवदार तळ्याचा दावा महाडच्या पहिल्याच न्यायालयात पडून होता. ज्या काळात माणसाला विहिरीवर उभे राहता येत नव्हते, त्या काळातला जमिनीचा कागद त्याच्या नातवाकडे मागितला जातो. महाडच्या खटल्यात अनादिकालाची वहिवाट सिद्ध करायची जबाबदारी सवर्णांवर होती, आणि त्यांना ती जमली नाही. आज वहिवाट सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर आहे. ओझे फिरून पुन्हा आपल्याच डोक्यावर आले, तेही एका चांगल्या हेतूने केलेल्या कायद्यातून. कायदा वाईट नाही. त्यातले पंचाहत्तर वर्षांचे कलम आपल्या समाजाचा इतिहास माहीत नसलेल्याने लिहिले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. तिसऱ्या दिवशी, १६ फेब्रुवारीला, पंतप्रधान पांढरकवड्यात महिला बचत गटांच्या मेळाव्याला आले होते. पुलवामाचा हल्ला दोन दिवसांपूर्वीचा, त्यामुळे देशाचे लक्ष तिकडे असणे स्वाभाविक होते. पण पाचव्या अनुसूचीतल्या या तालुक्यात जमलेल्या बायांना त्या आदेशाची खबरही नव्हती. २८ फेब्रुवारीला आदेश स्थगित झाला म्हणून निभावले.

चळवळीत काम करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही दोष देत नाही. याच कार्यकर्त्यांनी गावोगाव विहारे बांधली, मुलांना वसतिगृहात नेऊन घातले, जयंतीची मिरवणूक पाटलाच्या वाड्यासमोरून नेण्यासाठी मार खाल्ला. जयंतीच्या तारखांनी समाजाला उभे केले, हे कोणी नाकारू नये. तक्रार एवढीच की वर्गणीची वही आपल्याकडे चोख असते आणि एक-ई ची नक्कल नसते. ध्वनिक्षेपकाची बयाणा रक्कम महिनाभर आधी दिली जाते. वनहक्क समितीची सभा मात्र कधी झाली ते समितीच्या सदस्यालाही सांगता येत नाही. २० मार्चला सामाजिक सक्षमीकरण दिन म्हणण्याची पद्धत पडली आहे. सक्षम कोण झाला हे विचारायला तालुक्याच्या गावी तहसील कचेरी आहेच.

आणखी एक मुदत आहे, ३१ मार्चची. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज होते, २०१८ पासून पूर्ण अनुदान, आणि जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाखांपर्यंत खरेदीची मर्यादा. कागद पुन्हा एकदा उत्तम! पण सरकारी दराने चांगले वावर विकायला कोणी पुढे येत नाही, आणि पुढे येतो त्याचे वावर बरडाचे निघते. मार्च संपतो आणि अखर्चित निधीचा प्रश्न उरतो. पैनगंगेच्या पलीकडे, तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात, अनुसूचित जाती-जमातींसाठीचा निधी दुसरीकडे वळवू नये म्हणून २०१३ साली कायदा झाला. तेलंगणाने २०१७ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात त्याची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. नदीच्या दोन काठांवर आपलीच माणसे राहतात, कायदे मात्र वेगळे.

तेव्हा शताब्दीच्या निमित्ताने केळापूर तालुक्यातील प्रत्येक विहाराच्या समितीने एक वही करावी असे आम्ही सुचवतो. गावात ई-क्लास जमीन किती, ती कोण वाहतो, कधीपासून वाहतो, एक-ई मध्ये कोणाची नावे आहेत, वनहक्काचे दावे किती टाकले, किती फेटाळले आणि फेटाळल्याचे कारण लेखी मिळाले का. कोलाम पोडावरच्या आणि बौद्धवाड्यातल्या नोंदी एकाच वहीत असाव्यात, कारण नोटीस येते तेव्हा ती दोघांनाही येते. ज्या म्हाताऱ्यांना १९९० च्या आधीची पेरणी आठवते त्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्यावेत. ते साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत.

तहसील कचेरीतून एक-ई ची नक्कल तोंडी मागून मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेवढेही पडत नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्ज २० मार्चला टाकला तर मुदत १९ एप्रिलला संपते. कांशीरामजींच्या जयंतीला, १५ मार्चला टाकला, तर ती बरोबर १४ एप्रिलला संपते. त्या दिवशी कचेरीला सुटी असते. नक्कल घ्यायला १५ तारखेला जावे.